विहिरीवरचा डीजे

पंढरीशेठला हौस आली की आली, मग कुणाचं काही चालायचं नाही. लेकीच्या हळदीला अख्ख्या डोंबिवलीला ऐकू जाईल असा डीजे आणायचा, हे ठरलं. अंगणात मोकळी जागा उरली ती विहिरीवरच. मग काय, विहिरीवर फळ्या टाकायच्या आणि वर स्पीकरची भिंत उभी करायची. लग्न उरकलं की गाड्या लावायला तिथे पक्का स्लॅब. कुंडलिक गवंड्याने त्यासाठी सिमेंटच्या गोणीही पडवीत आणून रचल्या.

"आणि माझे पिकू?" भावनाने विचारलं.

पिकू म्हणजे त्या विहिरीतले मासे. बोटाएवढे, डोक्यावर पांढरा चमकता ठिपका. सदा वरच्यावर फिरायचे आणि डासांच्या अळ्या मटकवायचे, त्यामुळे या अंगणात डास शोधूनही सापडायचा नाही. भावना लहानपणापासून ताटातला शेवटचा घास त्यांना टाकत आलेली. आता ती शहाडला सासरी चालली होती.

"तुझ्या एकाही पिकूला काही होऊ देणार नाही. बापाचा शब्द आहे," पंढरी म्हणाला. बाकी जगाशी कडक, पण लेकीपुढे हा माणूस अगदी मऊ.

त्याने मच्छरदाणीने मासे काढले आणि मांडवातल्या मोठ्या पितळी उरळीत, तरंगत्या फुलांमध्ये सोडले. तेवढीच शोभा.

"वर झाकण ठेवा. ती उऱ्या मारतान," ठमाबाई, त्याची बायको, म्हणाली.

"मग लोकांनी काय झाकण बघायचं?" त्याने तिला उडवून लावलं.

संध्याकाळी डीजे दणाणला आणि पिकूंनी उड्या मारायला सुरुवात केली. एक थेट प्रभाकरमामाच्या खिशात. अंगात आल्यासारखा नाचणारा मामा दचकून मागे सरला तो उरळीवरच बसला. उरळी कलंडली, पाणी मांडवभर झालं. भावना हळदीच्या अंगाने पाटावरून उठली. नवरी पाटावरून उठली म्हटल्यावर बायकांचा जीव खालीवर झाला.

पंढरी पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, गळ्यात जाडजूड सोनं घालून, चिखलात रांगत होता. मागोमाग पाहुणेही रांगू लागले. सापडेल तो मासा तांब्यात. पण तांब्यात मावणार किती, आणि नळाच्या औषधाच्या पाण्यात ते टिकणार थोडेच? त्याने लेकीकडे बघितलं. ती हळदीच्या हातांनी पाटाखाली मासे शोधत होती, तेच त्याला सोसवेना.

"स्पीकर उतरव," तो डीजेवाल्या विकीला म्हणाला.

विकीला वाटलं, शेठला आज जास्तच झालीय. "आवाज कमी करू का, शेठ?"

"आवाज राहू दे रे. फळ्या काढ, विहीर उघड."

आणि त्याने स्वतःच स्पीकरला खांदा दिला. तांबे विहिरीत रिकामे झाले, मामाच्या खिशातलाही सुखरूप पोचला. पाण्यावर पांढरे ठिपके फिरायला लागले तेव्हा कुठे पंढरीच्या जिवात जीव आला.

"सांगलं व्हतं ना मी," ठमाबाई म्हणाली आणि कठड्याशी बसून तिने धवला, लग्नातलं जुनं गाणं, म्हणायला घेतलं. म्हाताऱ्यांनी सूर धरला, भावना हसत पुन्हा पाटावर बसली. डीजे तसाच पडून राहिला, कुणाला आठवलाही नाही. अशी रंगली ती हळद.

"शेठ, सिमेंटचं काय करायचं?" कुंडलिकने जाता जाता विचारलं.

"कठडा ढासळलाय ना, तो बांध."

दुसऱ्या दिवशी लेक सासरी गेली. घरात कुणाला अन्न गोड लागेना. पंढरी मात्र ताट घेऊन बसला, कसेबसे दोन घास पोटात ढकलले आणि शेवटचा घास मुठीत धरून विहिरीकडे निघाला.