दोघींचं गंगावन

इग्बो-ओरात भर रस्त्यात उभं राहून "थायवो!" अशी हाक मारली, तर निम्मा रस्ता मागं वळून बघतो. "केहिंदे!" म्हटलं की उरलेला निम्मा. गावात जुळी इतकी, आणि जुळ्यांची नावं ठरलेली: आधी आलेलं थायवो, मागून आलेलं केहिंदे. म्हणून इथल्या आया हाका मारायला पोरांची दुसरी नावं वापरतात. आपल्या या दोघींपैकी आधी आलेली मोजी, मागून आलेली आरीके. पण मागून येईल ती थोरली, अशी इथली रीत. जग राहण्याजोगं आहे का ते बघून ये, असं सांगून तिनंच म्हणे धाकटीला पुढं धाडलेलं असतं. आरीकेनं हा थोरलेपणा आजवर एक दिवसही सोडला नव्हता.

यंदा जुळ्यांच्या उत्सवात मिरवणुकीच्या अग्रभागी नाचायचा मान त्या दोघींना मिळाला होता. अट एकच. पुढची जोडी नखशिखांत सारखी दिसली पाहिजे. आरीके गावच्या शाळेत शिकवायची. ही बातमी कळल्यापासून तिचे पाय जमिनीवर नव्हते. पाढे म्हणून घेतानासुद्धा ती टेबलामागं ठेका धरायची आणि पोरं खुसूखुसू हसायची. निळ्या आदिरे कापडाचे पोशाख शिवून झाले होते, चपला आल्या होत्या. मोजी तिकडे लागोसला विमान कंपनीत नोकरीला. गेली कितीतरी वर्षं नेमकी उत्सवाच्या वेळी तिला सुट्टी मिळत नसे. या खेपेला मात्र फोनवर ती "येते" म्हणाली होती.

केसांचं आरीकेनं केव्हाच ठरवून टाकलं होतं. झोबोच्या सरबतासारख्या गर्द लाल रंगाच्या नकली केसांचे जुडगे तिनं खोलीतल्या खिळ्याला टांगून ठेवले होते. त्यांच्या बारीक बारीक वेण्या घालायच्या, कमरेपर्यंत, आणि टोकाला सोनेरी कड्या. नाचताना मान फिरवली की सगळ्या वेण्या एकदम उसळल्या पाहिजेत! जाता येता ती त्या जुडग्यांवरून हात फिरवायची.

उत्सव तोंडावर आला तेव्हा मोजी आली. डोक्याला घट्ट रुमाल, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि टॅक्सीतून उतरल्या उतरल्या आरीकेच्या गळ्यात अशी पडली की दोघी अंगणात गरगर फिरल्या. आईनं कोनफळाच्या पिठाची उकड, आमाला, आणि इलासाच्या पानांची पातळ भाजी वाढली. जेवण अर्धं झालं नाही तोच मोजीनं हात धुतले, बॅगेतून एक रेशमी पिशवी काढली आणि आतले केस आरीकेच्या मांडीवर सोडले. काळेभोर, सरळ, हातातून पाण्यासारखे निसटणारे.

"खरे आहेत," मोजी म्हणाली. "माणसाचे. दोघींना पुरतील इतके आणलेत."

"कुणाचे गं?"

"मला काय ठाऊक! विकणारी म्हणाली, भारतातल्या बायकांचे. तिकडे नवस फेडायला देवळात केस देतात म्हणे."

"देवाला दिलेले केस तू माझ्या डोक्यावर चढवणार?"

"दिले ना? मग झालं तर," आई भाजी ओरपत म्हणाली. "कुणाचे चोरून तर कापले नाहीत."

आरीकेनं ते केस उचलून पाहिले. सुंदर होते, यात वादच नव्हता. पण खिळ्यावरच्या जुडग्यांसारखा त्यांच्यावरून पुन्हा पुन्हा हात फिरवावासा तिला वाटला नाही.

"हे विमानतळावर शोभतील बाई," ती म्हणाली. "आपल्याला मिरवणुकीत नाचायचंय. लोकांना खुर्च्या दाखवायच्या नाहीत."

"आणि तुझं ते प्लास्टिक? शेगडीजवळ गेलीस तर वितळून मानेला चिकटेल. दुपारच्या उन्हात डोकं खाजवून खाजवून नाचशील."

"खाजवीन! ठेक्यावर खाजवीन!"

"हे हलके आहेत, आरीके. धुता येतात, विंचरता येतात, वर्षानुवर्षं टिकतात."

"मला कुठं वर्षानुवर्षं नाचायचंय? एक दिवस नाचायचंय. आणि थोरली कोण?"

"आली थोरली!"

आईनं ताट सारलं. "खरे लावा, खोटे लावा, नाहीतर केळीची सोपटं लावा. दोघी सारख्या दिसल्या नाहीत तर मी तुम्हाला ओळख देणार नाही. इया दोलापोकडे जा आणि तिथं भांडा."

इया दोलापो म्हणजे दोलापोची आई. पण दोलापोला फारसं कुणी पाहिलेलं नव्हतं. त्याच्या आईचा आवाज मात्र बाजारापर्यंत ऐकू यायचा. बदामाच्या झाडाखाली पत्र्याचं छप्पर, एक मोठा आरसा, दोन खुर्च्या, एक बाक, एवढंच तिचं वेण्या घालायचं दुकान. उत्सवाच्या गडबडीत तिथं बायकांची रीघ लागलेली. पण अग्रभागाची जोडी आली म्हटल्यावर तिनं बाकीच्यांना बाजूला सारलं.

"बसा माझ्या राण्यांनो! काय लावायचं?"

"नकली," आरीके म्हणाली.

"खरे," मोजी म्हणाली.

"म्हणजे मला सुट्टी!" इया दोलापो खदखदून हसली. "बरं, आधी डोकी तर बघू. मोजी, काढ तो रुमाल."

"आधी तिचं करा. मी थांबते."

"अगं, दोघींचं मोजून घेते."

"नंतर म्हटलं ना."

आवाजात काहीतरी वेगळं होतं, पण आरीके आपल्याच नादात. लहानपणी मोजी हटून बसली की ती मागून जाऊन तिचा रुमाल ओढून पळायची. तशीच ती मागं गेली आणि गाठ सोडून रुमाल ओढला.

रुमाल हातात आला आणि तिचं हसू तिथंच थांबलं.

मोजीच्या कपाळावरून दोन्ही कानशिलांपर्यंत केसच नव्हते. नुसतं गुळगुळीत कातडं. टाळूवर चाई पडल्यासारखा एक मोकळा डाग, आणि त्याच्याभोवती विरळ पुंजके. बाकावर बसलेल्या बायका एकदम जमिनीकडे बघू लागल्या.

मोजीनं रुमाल हिसकावून घेतला नाही. हात मांडीत घेऊन आरशासमोर बसून राहिली.

"वर्षानुवर्षं ताणून ताणून वेण्या घातल्या," ती म्हणाली. "कामावर चोपून बसवलेलं डोकं लागायचं. दुखायचं, पण म्हटलं, सगळ्यांचंच दुखतं. मग पुढचे केस जाऊ लागले. ते झाकायला आणखी घट्ट वेण्या. डॉक्टर म्हणाली, पुढची मुळंच मेली."

"म्हणून तुला सुट्टी मिळत नव्हती?"

मोजीनं मान डोलावली. "इथं आले असते तर लोकांनी आपल्या दोघींना शेजारी उभं केलं असतं. करतातच. आपण आता सारख्या नाही आहोत, आरीके. मला ते कुणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं."

आरीकेला आधी राग आला. असा की कानात शिट्टी वाजली. एका पोटात राहिलेल्या बाईनं इतकी वर्षं आपल्यापासून डोकं लपवावं! "मूर्ख आहेस," ती म्हणाली, "धाकटी ती धाकटीच." आणि मग खाली वाकून तिनं बहिणीच्या उघड्या कपाळावर गाल टेकला. कातडं गरम होतं. बाकावरची एक बाई नाक ओढायला लागली, तशी इया दोलापो ओरडली, "रडायचं असेल तर बाहेर! इथं केस ओले होतात!"

सगळ्या हसल्या. मोजीसुद्धा.

"वेण्या हिच्या डोक्यावर घालायच्या नाहीत," इया दोलापो आता कामाचं बोलू लागली. "धरायला केस नाहीत, आणि आहेत तेही जातील. जाळीची टोपी करते, तिच्यावर खऱ्या केसांच्या पट्ट्या शिवते. हलकं बसेल."

"मलाही तेच," आरीके म्हणाली.

"पण तुला तो लाल रंग हवा होता," मोजी म्हणाली. "किती महिने फोनवर तेच ऐकतेय मी."

आरीकेनं आरशात पाहिलं. मग खुर्चीवरच्या काळ्या केसांकडे. आणि तिनं एकदम टाळी वाजवली.

"इया दोलापो! माणसाच्या केसांना रंग चढतो ना?"

"चढतो म्हणजे! नकली केस रंगाला शिवू देत नाहीत. हे पितात. आधी काळा उतरवायचा, मग हवा तो चढवायचा."

"नाही!" मोजी खुर्चीतून उठली. "अजिबात नाही! आरीके, तुला कल्पना नाही हे केस कसे जपून..."

"थोरली कोण?"

मोजी अचानक लहान पोरीसारखी खिदळली. "घाला बादलीत! घाला एकदाचे, मी बघत नाही!"

बघितल्याशिवाय कुठली राहते! बादलीभोवती बायकांचा गराडा पडला. एकीनं पाणी आणलं, दुसरीनं हातमोजे, तिसरी नुसतीच सूचना देत राहिली. काळे केस हळूहळू तांबूस झाले, मग पितळेसारखे पिवळे. मोजी तोंडावर हात घेऊन "अरे देवा, अरे देवा" करत होती. मग लाल रंग. आरीके बादलीपाशी उकिडवी बसून काठीनं ढवळत होती, स्वयंपाक करत असल्यासारखी, आणि दर थोड्या वेळानं एक बट उचलून सगळ्यांना दाखवत होती.

केस धुऊन दोरीवर टाकले आणि अंगणातला गलका थांबला. एक जुडगा गर्द लाल आला होता, अगदी झोबोचा. दुसरा मात्र तांब्याच्या नव्या भांड्यासारखा चकाकत होता.

"वेगवेगळ्या डोक्यांचे आहेत," इया दोलापो पुटपुटली. "एकीनं रंग जास्त प्यायला."

"परत बुडवा," कुणीतरी म्हणालं.

"आणखी बुडवले तर तुटतील."

आरीकेनं कपाळाला हात लावला. सारखं दिसायचं म्हणून हे सगळं केलं, आणि आता एक लाल, एक तांब्यासारखी! तिनं मोजीकडे पाहिलं. मोजी दोरीपाशी उभी राहून दोन्ही जुडगे हातात धरून हालवत होती. ऊन त्यांच्यातून आरपार जात होतं. तिनं एकाची एक पट्टी दुसऱ्यावर ठेवली. मग आणखी एक.

"एक हिची, एक तिची," ती म्हणाली. "अशा शिवा. दोघींच्या डोक्यावर दोन्ही."

इया दोलापोनं डोकं तिरकं करून पाहिलं आणि मांडीवर थाप मारली. "सुया आणा गं!"

संध्याकाळपर्यंत सगळ्या शिवत बसल्या. आरीकेच्या स्वतःच्या केसांच्या डोक्याला चिकटून आखूड वेण्या घालून त्यांच्यावर पट्ट्या शिवल्या, मोजीच्या मऊ जाळीच्या टोपीवर. दोघी आरशासमोर उभ्या राहिल्या. मान हालवली की गर्द लालातून तांबं लखकन चमकायचं आणि परत आत जायचं. आरीकेनं हळूच डावीकडे मान झटकली. मोजीनंही झटकली. केस एकदम उसळले आणि आरीके अशी किंचाळली की बाजारातलं कुत्रं भुंकायला लागलं.

आई न्यायला आली होती. तिनं दोघींभोवती एक फेरी मारली. "बरं," ती म्हणाली. "मग खिळ्यावरचे ते नकली कुणाला?"

"राहू दे, नंतर बघू."

"नंतर कशाला? मी जुळ्यांची आई आहे. इया दोलापो, लाव माझ्या डोक्याला. आणि त्या सोनेरी कड्या विसरू नकोस."

उत्सवाच्या दिवशी मैदानात सगळीकडे जोड्याच जोड्या. तान्ह्या, दात पडलेल्या, काठी टेकत आलेल्या. शब्दांसारखे सूर काढणारा तो बोलणारा ढोल काय म्हणाला कुणास ठाऊक, पण आरीकेच्या पायांना समजलं. ती आणि मोजी पुढं झाल्या. पहिल्या वळणाला मोजीचा हात टोपीकडे गेला, निसटते की काय म्हणून. दुसऱ्या वळणाला परत गेला. तिसऱ्या वळणाला ती विसरली. त्यांनी एकदम मान फिरवली, लालावर तांबं पेटलं, आणि मैदानातून असा आरडाओरडा उठला की ढोलवाले क्षणभर ठेका चुकले. "थायवो कुठली?" कुणीतरी ओरडलं. "दोघीपण!" दुसऱ्यानं उत्तर दिलं. आई लाल वेण्या उडवत मिरवणुकीच्या कडेनं धावत होती, आणि दिसेल त्याला सांगत होती, "माझ्या आहेत! दोघी माझ्या!"

नाच संपल्यावर दोघी कडुनिंबाखाली कोसळल्या. पोशाख घामानं पाठीला चिकटलेले. आरीके चवळीच्या वाफवलेल्या मोईनमोईनचं पान सोडत होती, तेवढ्यात मोजीनं दोन्ही हातांनी टोपी उचलली आणि काढून गुडघ्यावर ठेवली. येणारी जाणारी माणसं बघत होती. आरीके घाईनं खांद्यावरचं कापड ओढू लागली.

"राहू दे गं," मोजी डोळे मिटून म्हणाली. "वारा लागतोय."

आरीकेनं कापड सोडलं. मोईनमोईनचा मोठा तुकडा तिनं आधी बहिणीच्या तोंडात घातला, मग आपल्या. समोरून दोन सारख्या चिमुरड्या आल्या आणि थांबल्या. एकीनं गुडघ्यावरच्या केसांना बोट लावलं आणि विचारलं, "हे खरे आहेत?"

"खरे," मोजी म्हणाली. "आणि डोकंही खरं आहे. हात लाव."

पोरीनं लावला आणि खुदकन हसली. मग तिच्या बहिणीनं. तेवढ्यात पुन्हा ढोल वाजला आणि फोटोवाला दोघींच्या नावानं ओरडू लागला. मोजी उठली, टोपी घाईत उलटी घातली, आणि लाल केसांच्या पडद्यातून हात चाचपत म्हणाली, "आरीके, कुठं आहेस? मला काही दिसत नाही!"

"इथंच," आरीके म्हणाली आणि हसता हसता तिचा हात धरून पळत सुटली.