गवताच्या फोटोला शाल-श्रीफळ

स्पेकल्ड क्रेक हा पक्षी मुठीत मावेल एवढा. काळपट तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके. अर्जेंटिनातल्या पाणथळ गवतात राहतो आणि सहसा कोणाला दिसत नाही. ही त्याची अक्कल. तो पाहायला २००७ साली आम्ही लंडनच्या क्रॉयडनहून तिकडे गेलो, ही आमची.

माझ्या नवऱ्याने, अवधूतने, कित्येक वर्षं ह्याच पक्ष्याचा ध्यास घेतला होता. ऐन वेळी त्याचा गमबूट चिखलात रुतला. तो वाकून बूट उपसतोय तोवर पक्षी माझ्या पुढ्यातून उडाला. पंखावर पांढरी पट्टी, लोंबते पाय, की पुन्हा गवतात गडप. अवधूतने मान वर केली तेव्हा खेळ संपला होता. मग त्याने गवताचेच फोटो काढले. पुष्कळ.

परत आल्यावर ह्या सहलीची बातमी क्रॉयडनच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष यादवराव यांच्या कानावर गेली. आमच्या मंडळात कोणी ड्रायव्हिंग टेस्ट पास झालं तरी शाल-श्रीफळ निघतं. हे तर परदेशातून परदेश. चर्चच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लागला. पडद्यावर गवत.

"पक्षी कुठाय?" मागून कोणीतरी विचारलं.

"तो काय, डावीकडे!" यादवराव म्हणाले. "शेपटी क्लिअर दिसतेय."

"चोचसुद्धा!" खजिनदार मंजिरी म्हणाली. "सो क्यूट!"

बघता बघता अख्ख्या हॉलला पक्षी दिसला. एकाला तर जोडी दिसली.

अवधूत माझ्याकडे बघत होता. त्याने नुसती होकारार्थी मान हलवली असती तरी इतक्या वर्षांचा ध्यास पुरा झाला असता. मी पदराशी चाळा करत बसले. आता ह्याचं ह्यानेच ठरवायचं.

"हे नुसतं गवत आहे," तो म्हणाला. "मी पक्षी पाहिलाच नाही. हिने पाहिला."

लोकांना दिसलेला पक्षी असा हिसकावून घेतात का कोणी?

पण यादवराव मुरलेले. "अहो, वहिनींनी पाहिला म्हणजे तुम्हीच पाहिला! अर्धांगिनी ना त्या!" टाळ्या. शाल अवधूतच्या खांद्यावर पडली. मला हळदीकुंकू, ब्लाउजपीस आणि घरापर्यंत उचलायला त्याचा नारळ.

ट्राममध्ये त्याने शाल काढून माझ्या खांद्यांवर घातली.

"पट्टी नक्की कुठे होती गं? पुन्हा सांग ना."

मी शालीसकट दोन्ही हात पसरून दाखवलं. शेजारची गोरी बाई उठून दुसरीकडे जाऊन बसली.