डाव्या पायाची चार चाकं

मी चाकांच्या जोड्यातला डावा बोलतोय. उजवा माझ्या शेजारीच पडलाय, पण तो बोलायचा नाही. जन्मभर मान त्याचा. उंबरा ओलांडायचा तर आधी तो, गिरकी संपवून उभं राहायचं तर त्याच्यावर. बोलायची वेळ आली की मात्र स्वारी गप्प! शिवाय सांगायचं आहे ते घडलं माझ्या चाकांवर. तेव्हा मीच सांगतो.

आमचा जन्म विलायतेतला. पायाखाली बांधायची लोखंडी पट्टी, चामड्याचे पट्टे आणि प्रत्येकाखाली चार लाकडी चाकं. किल्ली फिरवली की पट्टी लांब होते, म्हणून पाय वाढला तरी आम्ही तोकडे पडत नाही. निजामाच्या काळात एका साहेबाने हैदराबादेत आम्हाला आपल्या मुलीसाठी घेतलं. पुढे त्याची बदली जिंतूरला झाली. इथल्या त्याच्या बंगल्यात गुळगुळीत फरशीच नव्हती, म्हणून आम्ही पेटीत गेलो. पोलीस ॲक्शननंतर साहेब निघून गेला. सामानाचा हर्रास म्हणजे लिलाव झाला आणि मोडक्या लोखंडाच्या ढिगाबरोबर आम्ही कापसाच्या जिनिंगच्या फिटरकडे आलो. हा लिंबाजी. त्याने आमच्यावर फळी ठोकली आणि तेलाचे डबे इकडून तिकडे ओढायला लागला. दोन वर्षं ही हमाली केली. विलायतेचा तोरा कुठल्या कुठे गेला.

ती फळी काढली कासाने. कासा म्हणजे येडबा धनगराची पोर, नऊ वर्षांची. येडबा मेंढरं घेऊन रानोमाळ फिरायचा आणि आई केवळाबाई हंगामात जिनिंगात कापूस निवडायला यायची. आईच्या मागे आलेल्या कासाने एक दिवस लिंबाजीला विचारलं, “काका, हे डब्याचं हाय का पायाचं?”

“पायाचं. पर इथं कोन घालतंय?”

“म्या घालते.”

घातलं, आणि धाडकन पडली. पडली ती हसतच उठली. तेव्हाच मला पोर आवडली.

पावसाळ्यात जिनिंग बंद असतं. कापसाचा सगळा ढीग हललेला, शहाबादी फरशी मोकळी, आणि तिच्यावर बारीक कापसाची भुरी कायमची बसलेली. आमची चाकं फिरली की त्या भुरीवर रेघ उमटायची. कासाने त्यातून आपली शाळा काढली. लिंबाजी दोरी धरून गेरूने एकाला एक चिकटलेली दोन रिंगणं आखून द्यायचा. कासा एका पायावर पहिलं रिंगण काढायची, पाय बदलून दुसरं. मग पुन्हा तेच. दुसरी रेघ पहिलीवर बसली पाहिजे, तिसरी दुसरीवर. बोटभर सरकली तरी ती जीभ चावायची आणि फडक्याने भुरी सारखी करून पुन्हा सुरू.

गिरकी तिने बापाकडून उचलली. येडबा ढोलाभोवती धनगरी गजा नाचायचा तो असा, की पाय भुईला लागतात की नाही कळू नये. एकदा तो जिनिंगच्या दारात घोंगडी खांद्यावर टाकून उभा राहिला, पोरीला बघत. “ही वळायलीय माज्यावानी,” एवढंच म्हणाला आणि गेला. कासाला तेवढं महिनाभर पुरलं.

आमची विलायती चाकं चिरली तेव्हा लिंबाजीने बाभळीची चाकं कातून बसवली. आतल्या बेअरिंगचे छर्रे मात्र जुनेच. त्यांना मशीनचं पातळ तेल तोच घालायचा, दर पंधरा दिवसांनी दोन थेंब. त्यांना दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नाही.

मग गावच्या शाळेत मनकर्णाबाई आल्या. नव्या मास्तरीण, हैदराबादेत शिकलेल्या. त्यांनी सिकंदराबादेला चाकांवरचा नाच पाहिला होता. कासाला पाहून त्या जिनिंगच्या दारातच थबकल्या. “अगं, याच्या तिकडे स्पर्धा होतात. रिंगणाला गुण, नाचाला गुण.” त्यांनी पत्रं लिहिली. पहिल्या वर्षी कासा हैदराबादला जाऊन लहान मुलींत दुसरी आली. पितळेचा बिल्ला मिळाला, तो केवळाबाईने देवाजवळ ठेवला. पुढच्या वर्षी तिसरी आली. छप्पन साली मोठ्या मुलींत उतरायचं होतं. पहिल्या तिघींना स्पर्धा भरवणारा क्लब स्वतःच्या खर्चाने तिथे ठेवून घेणार होता, शिकवणार होता.

येडबाने विचार करून सांगितलं, “तिघीत आली तर ऱ्हाऊ दे तिकडं, शिकू दे. न्हाई आली तर मेंढरामागं यायचं. माजे गुडघे गेले आता. मला एकल्याला मेंढराचा वाडा झेपंना.” बोलणं कडक नव्हतं. खरं होतं, म्हणून कासाने मान हलवली.

स्पर्धा जानेवारीत, म्हणजे ऐन हंगामात. फरशीवर छतापर्यंत कापूस. आम्हाला फडक्यात गुंडाळून घरी ठेवलं होतं, आणि कासा सारवलेल्या खळ्यावर अनवाणी पावलं घोटत होती. पोर एवढी खपतेय आणि आपण काही करत नाही, हे केवळाबाईला टोचत असावं. एका सकाळी देवाला दिवा लावून झाल्यावर तिने आमचं फडकं सोडलं. घरात अर्धी बाटली करडीचं तेल होतं, घाण्याचं, सणाला राखलेलं. त्यातलं बोटाने थेंब थेंब माझ्या चाकांत सोडत म्हणाली, “मशीनचं काळं तेल कशाला रं तुमाला? खायाचं घ्या. आन् माज्या लेकराला पडू देऊ नका.”

असं आठ दिवस. माझ्यापासून सुरुवात करायची, त्यामुळे मला जास्त, उजव्याला उरलंसुरलं. त्या आठ दिवसांत घरात चटणीवर तेल पडलं नाही, भाकरी कोरडी खाल्ली. मला ओरडावंसं वाटत होतं. करडीचं तेल वाळतं, बाई! त्यात कापसाची भुरी मिसळली की त्याचा डिंक होतो! पण लोखंडाला तोंड कुठलं?

हंगामामुळे लिंबाजीला रजा मिळाली नाही. तो सोबत असता तर वासानेच ओळखलं असतं. मनकर्णाबाई आणि कासा दोघीच गेल्या.

हैदराबादला स्पर्धेच्या सभागृहात फडकं सुटलं. कासाने नेहमीप्रमाणे चाक बोटाने फिरवलं. उजव्याचं अर्धा वेढा जाऊन थांबलं. माझं जागचं हललं नाही. तिने मला नाकाशी नेलं. घरच्या करडीचा वास तिने ओळखला.

“हे काय गं? कुणी घातलं हे?” मनकर्णाबाई घाबरल्या.

“म्याच,” कासा म्हणाली. “चुकलं बाई माजं.”

तेवढ्यात तिचं नाव पुकारलं. परकराच्या टोकाने तिने जेवढं पुसता येईल तेवढं पुसलं आणि पट्टे आवळले.

रिंगणं झाली. तिथे घाईचं काम नव्हतं. लाकडी फरशीवर भुरी नसल्याने रेघही दिसत नव्हती, तरी पोरीचा पाय चुकला नाही. एक परीक्षक खाली वाकून माझ्याकडे बघत राहिला. मग बाजा सुरू झाला आणि नाच आला. नाचाला वेग लागतो. कासा सगळी ताकद लावून मला ओढत होती. मोठ्या गिरकीला ती माझ्यावर आली, आणि मी अडलो. ती गुडघ्यावर पडली. उठली, बापासारखं एक संथ वळण घेतलं, हात जोडले. मी तिच्या पायाला बांधलेला होतो, आणि तिला पाडणारा मीच होतो. ही बोच माझी जायची नाही.

चौथा नंबर आला.

घरी आल्यावर येडबाने आधी विचारलं, “पडलीस तवा रडलीस का?”

“न्हाई, बा.”

“बरं.” त्याने मुंडासं बांधलं. “परवा निघू.”

केवळाबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. हळूच म्हणाली, “म्या तुला सांगितलं न्हवतं. चाकाला तेल घातलं हुतं गं, करडीचं. कामी आलं का?”

कासाने तांब्या घेतला. सगळं पाणी प्याली. “लय कामी आलं, माय. त्यानंच तर चाकं पळाली. म्याच पडले.”

केवळाबाईचा चेहरा असा उजळला, की मी माझा सगळा गंज विसरलो.

त्याला आता चार वर्षं झाली. आमचा मुलूख मुंबई राज्यात गेला, आता म्हणे महाराष्ट्र झालाय. कासा दोन वर्षं मेंढरामागे हिंडली, मग लग्न करून पालमला दिली. आम्ही केवळाबाईच्या फळीवर असतो. दरवर्षी खंडेनवमीला ती लोकर कातरायची कातर पुजते, शेजारी आम्हाला मांडते, कुंकू लावते आणि चाकांत करडीचं तेल सोडते. आल्यागेल्याला सांगते, “माज्या तेलावर पोरगी हैदराबाद फिरून आली.”

आणि दरवर्षी नागपंचमीला कासा माहेरी येते. बायका वारुळाला गेल्या की आम्हाला पदराखाली घेऊन जिनिंगात जाते. पहिल्या खेपेला लिंबाजीने चाक उघडलं, वास घेतला आणि तिच्याकडे बघितलं. “काका, त्वांड बंद ठिवा,” ती म्हणाली. तो उठून रॉकेलची बाटली घेऊन आला. तेव्हापासून तो छर्रे धुऊन देतो आणि पाठ करून बसतो. कासा भुरीवर दोन रिंगणं काढते. एकावर एक, तीन वेळा. यंदाही रेघ एकच दिसत होती. मग आम्हाला पुसून ती फळीवर ठेवते, होतो तसेच.

नवमी आता चार दिवसांवर आली आहे. केवळाबाई वाटी घेऊन येईल आणि माझ्यापासूनच सुरुवात करेल. येऊ दे. वर्षातली पंचमीची एक सकाळ मला पुरते.

तुम्ही माझं एवढं ऐकलंत, आता एक मागणं ऐका. कधी जिंतूरला आलात आणि केवळाबाई भेटली, तर ती तुम्हाला तेलाचं विचारेलच. सांगा, चाकं पळाली.