झंड्यानं थांबायचं असतं

"झंडा? तो तं कवाचाच पल्याड उतरला," वरून गुरं घेऊन येणारा गुराखी म्हणाला, अन् मानीबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"उतरला? आमच्याबिगर?"

उतरलाच कसा? नेरकडच्या त्यांच्या बंजारा तांड्यातून रामनवमीला पोहरादेवीला पायी जाणाऱ्यांचा एकच कायदा होता. वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य लादून डोंगर तुडवायचे, तेव्हा अख्खा तांडा सगळ्यात सुस्त बैलाच्या चालीनं चालायचा. आता बैल गेले, पांढरा झंडा आला, पण चाल तीच. शेवटचं माणूस माथ्यावर पोचल्याशिवाय झंड्यानं घाट उतरायचा नाही. कोणी लंगडो, कोणी रडो, झंडा थांबणार म्हणजे थांबणार.

आणि शेवटचं माणूस होतं रुपीबाई. पंचाहत्तरीची म्हातारी, गुडघे सुजून टम्म. सोबतीला एकटी मानीबाई. रुपीबाईच्या नातवाला, बादलला, साप चावला होता, तो वाचला तेव्हा तिनं नवस बोलला होता, की पाच वर्षं झंड्यासंगं पायी येईन, एकही घाट चुकवणार नाही. हे पाचवं वर्ष. झंड्याविना घाट ओलांडला की नवस मोडला, पुन्हा पहिल्यापासून. आणि पहिल्यापासून करायला तिच्याकडे पाच वर्षं उरली होती कुठं?

रुपीबाई मटकन दगडावर बसली. "जाऊ दे मानी. मी इथूनच वापस जातो."

"कायले वापस? तू बस, याडी. मी पाह्यतो त्याइले!" अख्खा तांडाच रुपीबाईला याडी, म्हणजे आई, म्हणायचा.

पन्नाशीची बाई, पण अशी चढली की गुराखी बघतच राहिला. माथ्यावर चिटपाखरू नव्हतं. पलीकडे पायथ्याशी मात्र मांडव, खुर्च्या, थंड पाण्याचे जार, भोंगा! यंदा सगळा बंदोबस्त तांड्यातल्याच धरमसिंगनं केलेला, कुण्या साहेबाला बोलावून. आणि साहेबाशेजारी, गळ्यात हार, हातात झंडा, तांड्याचा नायक लालसिंग. म्हणजे मानीबाईचा नवराच.

"ओमचे बाबा, कोणाले इचारून उतरले?"

लालसिंग गोरामोरा झाला. "धरमसिंग म्हणे, साहेबाले बाराले दुसरीकडे जायचं हाय..."

"अन् रुपीयाडीले कुठीच जायचं नाई काय?"

"काकी, काहून चिडून राह्यल्या?" धरमसिंग हसत म्हणाला. "जीप पाठवतो नं. सडकेनं वळसा घेऊन आणतो म्हातारीले. नवस काय, मनाचा असते."

"मनाचा? मंग तूही साहेबाले मनातच हार घालाचा होता नं!"

मांडवात खसखस पिकली. मानीबाईनं झंड्याच्या काठीला हात घातला. बाईमाणसानं झंडा धरावा काय, असं कोणीतरी पुटपुटलं.

"धुतला कोणं? शिवला कोणं? तवा नाई आठवलं बाईमाणूस?"

लाज कशी वाटत नाही लोकांना! एका म्हातारीसाठी अर्धा तास थांबवेना, अन् म्हणे भक्ती! तिनं झंडा हिसकला आणि घाटाची वाट धरली. मागून आधी बाया उठल्या, मग माणसं. साहेब रिकाम्या खुर्च्यांना भाषण देत राहिला.

माथ्यावर झंडा परत फडकताना दिसला तशी रुपीबाई उठली. दहा पावलं चालली, बसली, पुन्हा उठली. पोचेपर्यंत ऊन माथ्यावरून ढळलं होतं. तिनं काठीला कपाळ टेकलं आणि ढसाढसा रडली. मानीबाईचेही डोळे भरून आले.

"चाल याडी, उतरू आता."

"थांब. लालसिंग कुठी हाय?"

"तो? बसला असंल तिकडं, खुर्चीत."

"मंग झंडा कसा हालंल? शेवटचं माणूस यायचं हाय."

"याडी, तो पुढं गेला हाय!"

"पुढं गेला म्हून काय झालं?" रुपीबाई पदरानं डोळे पुसत म्हणाली. "तांड्यापासून तं सुटलाच नं तो."

मानीबाईनं दात खाल्ले. पण कायदा तो कायदा. ती उताराच्या कडेला गेली आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, "ओ नायक! या वरतं! तुमच्यापायी लोकं खोळंबले उन्हात!"

खाली लालसिंगनं हार काढून खुर्चीवर ठेवला आणि चढायला लागला. त्या बाजूनं घाट जास्तच उभा होता. तो दर वळणावर दम खात होता, आणि मानीबाईला झंडा धरून त्याच्यासाठी थांबावंच लागलं.