‘धरा’ म्हणजे काय?

खोलीत मुंगीला शिरायला जागा नव्हती. उरलेले खिडकीचे गज धरून लोंबकळत होते. मौनीबाबांनी (नाव मौनी, जिभेला मात्र विसावा नाही) लोखंडी सळई फरशीवर आपटली. खण्ण! त्यासरशी पेंटरची विधवा ताठ झाली, कानांवर हात दाबून कोसळली आणि किंचाळली, "धरा! धरा!"

"आत्मा आला!" बाबा गरजले. "धरा म्हणजे भूमी! मृताला भूमी हवी. मागचं अंगण मठाच्या नावे करा. तोवर हे झाड, ही अंगात आलेली बाई, कोंडून ठेवा, नाहीतर आत्मा भरकटेल."

पेंटर गेल्या महिन्यात दुकानाची पाटी लावताना शिडीवरून पडून जागीच गेला होता. हयातीत ज्याचं एक अक्षर ऐकलं नाही, त्या धाकट्या भावाचा शब्द आता थोरल्याला मोडवेना. त्याने भावजयीच्या खोलीला बाहेरून कडी बसवली. मग रोज तोच दरबार भरू लागला; लोक जाता-येता कडीच्याही पाया पडत.

आज मात्र पेंटरची धाकटी बहीण आली होती. हायस्कुलात मराठी शिकवणारी.

"बाबा, 'धरा' हे नाम की क्रियापद?"

"आत्म्याला व्याकरण नसतं, ताई."

"माझ्या भावालाही नव्हतं. जमिनीला तो 'जागा' म्हणायचा. आणि सकाळी शेजारी बादली पडली, तेव्हाही वहिनी अशाच कोसळल्या. दादा बादलीतूनपण येतो का?"

खिडकीत कोणीतरी फिस्सकन हसलं.

"ती सळई द्या इकडे. आता बोलवा त्याला."

बाबा घुमले, हुंकारले, घामाघूम झाले. वहिनी भिंतीला टेकून बसून राहिली.

"संशयी माणसासमोर आत्मा संकोचतो."

"माझ्यासमोर? मला पाठुंगळी घेऊन शाळेत सोडायचा तो!"

मौनीबाबांनी प्रथमच नावाचा मान राखला.

बहीण वहिनीजवळ बसली. "वहिनी, 'धरा' कोणाला म्हणता?"

"शिडी सरकली, वन्सं. खण्ण वाजलं. मी ओरडले, अहो, धरा कोणीतरी!" तिने खिडकीकडे पाहिलं. "हेच सगळे उभे होते खाली. वर बघत."

खिडकीचे गज एकदम मोकळे झाले.

थोरला दाराची कडीच उखडायला धावला, पण निघेना. बसवताना स्क्रू फार निष्ठेने पिळले होते.

तर, अंगात कोणी आलं नव्हतं. डोळ्यांदेखत माणूस गेलं की मन त्या क्षणात अडकतं. तसाच आवाज झाला की शरीराला वाटतं, ते आत्ताच घडतंय. बाबांना ही कळ पहिल्या दिवशी चुकून सापडली, मग ते रोज दाबत राहिले. याला भूत म्हणत नाहीत, मनावरचा आघात म्हणतात. त्याचे डॉक्टर असतात, उपचार असतात. अशा माणसाला पुजू नका, कोंडू नका, दवाखान्यात न्या. तिथे चमत्कार होत नाहीत, बरं व्हायला वेळ लागतो. त्यामुळे गर्दीही नसते. बाकावर नणंद-भावजय दोघीच बसलेल्या असतात.