वंदना कोण घेणार

अण्णा, म्हणजे आमचे वडील, गेले त्याच्या चौथ्या दिवशी धाकट्या भावाचा, रुपेशचा, फोन आला. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम रविवारी ठरला होता, गावी, पोशीरला, आमच्या अंगणात. मंडप सांगून झाला होता. "आणि वंदना तू घ्यायचीस," तो म्हणाला. "आत्यानं सगळ्यांना सांगून टाकलंय."

"मला विचारायचं तरी."

"त्यात काय विचारायचं? अण्णांनी तुलाच तर शिकवलीय."

नंतर कळवते म्हणून मी फोन ठेवला.

आमच्या बौद्धांत वंदना घेणारा एकेक ओळ पुढे म्हणतो आणि बाकीचे ती त्याच्यामागून म्हणतात. आम्ही खोपोलीत कारखान्याजवळच्या चाळीत राहत होतो तेव्हा लग्न असो, घरभरणी असो, वंदना अण्णांचीच असायची. आवाज भरदार, उच्चार स्वच्छ. पाळीवरून थकून आलेली माणसं त्या आवाजानं ताठ बसत. घरी त्याच आवाजात ते मला शिकवायचे. प्रत्येक ओळीनंतर थांबायचे आणि माझ्याकडे बघायचे. वंदनेतल्या पाच शीलांचा क्रम चुकला, श्वास मधेच घेतला, की कमरेचा पट्टा निघायचा. कुणाही जिवाची हिंसा करणार नाही, हे पहिलं शील मी बहुतेक वेळा रडतच म्हटलं आहे. सहाव्या वर्षापासून चौदाव्यापर्यंत हे चाललं. वंदना नीट येऊ लागल्यावर मारायला इतर कारणं निघाली.

मोठेपणी विहारात गेले की मी नुसते ओठ हलवायची.

कर्जतला ज्या शाळेत मी ग्रंथपाल आहे तिथे तीन वर्षांपूर्वी कुणीतरी मागे कपाटाचं दार आपटलं. भानावर आले तेव्हा मी टेबलाखाली होते आणि सहावीची मुलं वाकून बघत होती. त्यानंतर मी नम्रताकडे जाऊ लागले. ती समुपदेशक आहे. मी खूप वाचून गेले होते. पहिल्या दिवशी पुस्तकांतल्या शब्दांत सगळं सांगितलं. ती म्हणाली, "छान सांगितलंत. पण हे दुसऱ्या कुणाबद्दल सांगितल्यासारखं वाटलं."

एकदाच झालेली गोष्ट माणसाला आठवते, रोज होणारी अंगात राहते, असं ती म्हणायची. म्हणून हातांनी काही करून बघा म्हणाली. चित्रं मला जमेनात. मग मी पोशीरच्या खाचरातली माती डब्यात भरून आणली आणि दर शुक्रवारी तिच्यासमोर बसून चाळीतली खोली करू लागले. स्टोव्ह, मोरी, खाट सगळं झालं. माणूस एकही नाही. चार महिन्यांनी कोपऱ्यात एक मुलगी बसवली, वाटाण्याएवढी. अण्णांना करायला दीड वर्ष लागलं. मला ते उंच हवे होते, पण ओल्या मातीचा उंच माणूस उभा राहत नाही, कलंडतो. पुन्हा पुन्हा करून शेवटी ते बुटकेच झाले. त्या दिवशी मी त्यांच्याकडे तासभर बघत बसले होते.

आईला मी मातीकामाचा क्लास आहे असं सांगितलं होतं. "माझा जन्म चिखलात गेला," ती म्हणाली, "आन तू पैसं देऊन चिखलात हात घालतीस."

रविवारच्या आधीच्या शुक्रवारी मी नम्रताला रुपेशचा निरोप सांगितला.

"नाही म्हणता येईल?" तिनं विचारलं.

"येईल. आत्या महिनाभर बोलेल, पण येईल."

"मग अडलंय कुठे?"

"मला वंदना परत हवीय. अण्णांना नेलं तेव्हा सगळे म्हणत होते आणि मी नुसती उभी होते. दुःखात माणसं जे म्हणतात ते मला म्हणता येत नाही. पण तोंड उघडलं की अण्णाच बाहेर पडतील अशी भीती वाटते."

"पडले तर?"

"माहीत नाही."

"मधेच थांबता येईल," ती म्हणाली. "तेवढं तुम्हाला आता येतं."

मला दुःख झालं होतं, हे समजावणं अवघड आहे. सुट्टीच्या दिवशी अण्णा मला खांद्यावर घेऊन डोंगरावरून वीजघराकडे उतरणारे मोठे पाइप दाखवायला न्यायचे. मोजायला लावायचे. तिथे मी चुकले तर हसायचे. ती दोन वेगळी माणसं असती तर एकासाठी रडता आलं असतं.

मी रुपेशला हो कळवलं.

रविवारी मंडप भरला होता. छाया आत्या, अण्णांची बहीण, दारातच उभी.

"आलीस गं? मला वाटलं मडकी भाजून झाल्यावर येशील."

"मडकी नाही करत गं आत्या."

"मग काय, चुली?"

"चुली."

बायका हसल्या. आत्यानं माझा हात धरला. तिचे डोळे सुजले होते. "दादा म्हनायचा तसंच म्हन. डोळं मिटलं की दादाच बसलाय असं वाटलं पायजे."

मूर्तीपुढे मेणबत्त्या लागल्या. मी माइक घेऊन बसले. समोर पांढऱ्या साडीत आई, तिच्याशेजारी रुपेशची सात वर्षांची मनाली, मागे सगळी बायामाणसं. मी त्रिसरण सुरू केलं आणि आवाज निघाला. भरदार, ओळीच्या शेवटी किंचित ओढलेला. लोक मागून म्हणू लागले. आत्यानं डोळे मिटले. पहिलं शील झालं, दुसरं झालं. दुसऱ्यानंतर मी थांबले आणि मान वर करून बघितलं. कोण अडखळतंय ते बघितलं. मनाली अडखळत होती. माझी नजर तिच्यावर गेली तशी ती शब्दाच्या मधेच गप्प झाली आणि तिनं आजीचा पदर धरला.

मी तोंड मिटलं.

माइकमध्ये माझा श्वास तेवढा ऐकू येत होता. पाय सतरंजीवर टेकलेले आहेत, असं नम्रतानं शिकवल्याप्रमाणे मी स्वतःला सांगत होते. रुपेश अर्धवट उठला. आत्यानं डोळे उघडले.

तेवढ्यात आईनं पुढचं शील सुरू केलं. तिला वंदना धड येत नाही म्हणून अण्णा तिला विहारात कायम मागे बसवायचे. तिचा आवाज मी तिथे कधी ऐकला नव्हता. तो घोगरा होता आणि शेतात हाक मारावी तसा मोठा. तिनं तिसऱ्याच्या जागी चौथं घेतलं. पण पुढच्यानं म्हणायचं आणि बाकीच्यांनी मागून, ही रीत. सगळा मंडप तिच्यामागून चौथं म्हणाला. मग पाचवं.

मागून गावातले सहदेव काका म्हणाले, "पुतळाबाई, तिसरं राहिलं."

"राहिलं तर राहिलं," आई म्हणाली. "घेते आता."

कुणीतरी हसलं. आईनं तिसरं शेवटी घेतलं. मी माइक खाली ठेवला होता. तिच्यामागून ते म्हणताना माझा आवाज निघाला, बारीक आणि मधेच तुटणारा. मनालीनं माझ्याकडे बघितलं आणि तीही म्हणू लागली. पुढची सगळी वंदना आईनंच घेतली.

जेवणं झाल्यावर रुपेश आणि मी सतरंज्या गोळा करत होतो.

"मधेच काय झालं तुला?"

"मी मनालीकडे अण्णांसारखं बघितलं."

तो सतरंजीवरची शितं झटकत राहिला. "तुझं चालू असलं की मी टीव्ही मोठा करायचो," तो म्हणाला. "आई खूण करायची, मोठा कर म्हणून. शेजारी ऐकू जायला नको."

आई ओट्यावर बायकांना पान देत होती. तिचं हे मला आजच कळत होतं, आणि त्याचं काय करायचं ते मला माहीत नव्हतं. शुक्रवारी नम्रतासमोर बसून बघावं लागणार होतं.

"मनालीला वंदना शिकवतो, असं अण्णा दोनदा म्हणाले होते," रुपेश म्हणाला. "दोन्ही वेळा मी तिला गाडीवर बसवलं आणि नेरळला वडापाव खायला नेलं."

"मला कधी बोलला नाहीस."

"काय बोलणार, ताई?"

आम्ही सतरंजीची चार टोकं जुळवली. तो म्हणाला, "तू शिकवशील का तिला?"

"आधी मला म्हणता येऊ दे," मी म्हटलं. "मग बघू."

त्यानं मान हलवली आणि दुसरी सतरंजी ओढली.