पेजेतला काढा

कल्याणच्या फार्मसी कॉलेजातून कृतिका थेट कोपरीला तुळसाआत्याकडे आली. तीन महिने आत्याचं पोट दुखत होतं, आता शौचाला काळं होऊ लागलेलं. परसातली औषधी वेल हिरवी होत होती, आत्या वाळत होती. पोटातल्या जखमेवर त्याच वेलीचा काढा तिने सगळ्या गावाला आयुष्यभर दिलेला, मग डॉक्टरकडे कशी जाणार? "तुझ्या कॉलेजातल्या उंदरांना गुण येतो का बघ, मग बोल," असं तिनेच म्हटलेलं.

"आत्या, पोटात जखमा केलेल्या सहा उंदरांना काढा दिला, तशाच सहांना नुसतं पाणी. बाराही पोटांत जखमा सारख्याच निघाल्या गं."

आत्या भिंतीला टेकून बसली.

"काढा कशातून दिलास?"

"पाण्यातून."

"मी पेजेतून देते, बाय. उपाशी पोटाला कडू कसं सोसंल?"

कृतिकाने डोळे मिटले. हे तिने कधी विचारलंच नव्हतं.

"पेजेतून पुन्हा करते. पण परत तीन महिने लागतील, आत्या. तुझं पोट तेवढं थांबणार नाही."

आत्या गुडघ्यावर हात देऊन उठली, पदर सारखा केला.

"चल तुझ्या डॉक्टरकडं. पण माझ्या काढ्याची परीक्षा अर्धीच झालीय, हे त्याला आधी सांगायचं."